गौतमीचा गॅस

धाकट्या जावेच्या गोठ्यामागं कुदळी वाजायला लागल्या तेव्हा शालन गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. हातातली कुरडई तशीच धरून ती कठड्याशी आली. खाली तिचा दीर कैलास छातीइतक्या खड्ड्यात उतरला होता आणि घमेल्यानं माती वर देत होता. गौतमी पदर खोचून ते घमेलं घ्यायची, बांधावर रिकामं करायची, पुन्हा यायची. सासरे गेणबा लिंबाखाली खाटेवर बसून, थोडं गोठ्याकडं सरका म्हणून हातानं दाखवत होते.

शालनला वाटलं, संडासाची टाकी असंल. संध्याकाळी जेवताना नवऱ्यानं, किशोरनं, सांगितलं की कैलास गोबर गॅस बांधतोय, सरकारचं अनुदान मिळालंय, आणि जागा आबांनीच दाखवली.

"मामंजींनी?" शालननं विचारलं.

"व्हय. त्यास्नीच लई हौस आली हाय."

किशोर पुढचा घास घेऊन मोबाईलमध्ये बघायला लागला. शालनच्या तव्यावरची भाकरी मात्र करपली.

लग्न होऊन ती या भुकूममध्ये आली तेव्हा घरात पाच म्हशी होत्या आणि शेण काढायचं काम पहिल्या दिवसापासून तिच्याकडं आलं होतं. कोपरापर्यंत हात भरलेले, डोक्यावर पाटी, पाटीतनं मानेवर ओघळणारं पाणी. आणि दिवसातनं दोनदा ओल्या लाकडांची चूल. तिच्या माहेरी रिह्याला, मामाच्या घरी, गोबर गॅस होता. मामीच्या सैपाकघराची भिंत पांढरी होती, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून एकदा, अंगावरची हळद फिटून वर्ष झालं असेल नसेल, तिनं सासऱ्यांना भीतभीत विचारलं होतं, आपणही तसा गॅस बसवू या का. गेणबा ओसरीवर चार माणसांत बसले होते. ते हसले होते. "शेण रानात घालायचं असतंय, बाई. गॅस कशाला पायजे, चुलीला काय झालंय?" आणि मग त्या चौघांना म्हणाले होते, रिह्याच्या पोरी फार साहेबिणी असतात. चौघेही हसले. ती आत जाऊन चूल फुंकायला बसली आणि डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकललं. पुन्हा तिनं कधी काही मागितलं नाही.

पुढं वाटण्या झाल्या. रस्त्याकडची जागा थोरल्या किशोरला मिळाली, मागचा गोठा आणि जुनं घर कैलासला. किशोरनं तीन मजले चढवले, खोल्या काढल्या. बांधकामावरची आणि कंपन्यांतली पोरं भाड्यानं राहायला आली. त्यांना माश्या नको होत्या म्हणून शालनच्या वाटणीच्या म्हशी गेल्या. अंगणात फरशी बसली, तिथं मोटारसायकली उभ्या राहायला लागल्या. एकुलता एक मुलगा वाकडला बायको घेऊन राहिला. शालन पोरांना डबे करून द्यायची, चांगली लुगडी नेसायची, गावात तिला मान होता. मागल्या दारी शेणात राबणाऱ्या गौतमीकडं ती वरून बघायची, ते तसं कीव येऊनच.

गोबर गॅसवाली बाई पहिल्यांदा त्यांच्याच दारात आली होती, घर मोठं दिसलं म्हणून. जनावरं किती, असं तिनं विचारलं तेव्हा किशोर म्हणाला होता, आमच्याकडं जनावरं न्हाईत, भाडेकरू हायेत. बाई हसली होती आणि मागल्या घराकडं गेली होती. शालनला ते आत्ता आठवलं. म्हशी असत्या तर ती बाई पुढं गेलीच नसती.

दुसऱ्या दिवशी गेणबा चहाला आले. त्यांची जेवणाची पाळी एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं असायची आणि हा महिना शालनचा होता. तिनं कप पुढं ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, तवा नको म्हणाला व्हतात, आता कसं व्हय म्हणालात. म्हाताऱ्याला आधी कळेचना ती कशाबद्दल बोलतेय. ते सगळं ते विसरून गेले होते. मग म्हणाले, "आता लाकूड कुटं ऱ्हायलंय? डोंगर सगळा विकला गेला, तारेचं कुंपण पडलं. गौतमी मोळीला जाती तर वाचमन हाकलून देतो. काय करंल ती?"

कारण खरं होतं. पण शालनला टोचलं ते निराळंच. आपण विचारलेलं या माणसाच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

बांधकाम चालू झालं तशी शालनची मागल्या दारची फेरी वाढली. कधी पातेलं परत द्यायला, कधी विळी मागायला. गवंड्यानं विटांचा घुमट रचत आणला होता, पालथ्या कढईसारखा. त्या दिवशी तो गौतमीला विचारत होता की संडासाची नळीही यातच सोडू का, बरेच जण सोडतात, गॅस जास्त होतो, टाकीचा खर्च वाचतो. गौतमी विळा खाली ठेवून उभी राहिली.

"नको," ती म्हणाली. "माझ्या घरात देवाचा निवद शिजतो. निस्तं शेणच घालायचं."

गवंडी बरं म्हणाला आणि कामाला लागला. शालन तिथंच, हातभर अंतरावर, पातेलं घेऊन उभी होती. तिनं ते स्वच्छ ऐकलं.

पहिली भरणी करायला घरच्या म्हशींचं शेण पुरेना. गौतमीनं दोन-चार गोठ्यांतनं शेण मागून आणलं. टाकीपाशी उकिडवी बसून ती शेण पाण्यात कालवायची, हातानं गोळे फोडायची, काड्या वेचून बाहेर टाकायची. तो शेणकाला आत सोडला की टाकी धुवायची. पुष्कळ दिवस काहीच झालं नाही. मग घुमटात गॅस साठला, तर तो पेटेना. काडी लावली की नुसता फस्स आवाज यायचा. बायका हसल्या. शालनही हसली आणि दिवसभर तिला हलकं वाटत राहिलं. पहिला गॅस असाच असतो, सोडून द्यायचा असतो, हे गौतमीला गवंड्यानं सांगितलं होतं. तिनं तो सोडून दिला आणि वाट बघत राहिली.

एका सकाळी कैलासची मुलगी वैष्णवी जिन्यावरून धावत वर आली. "मोठी आई, चल, पेटला!" म्हणून शालनचा हात ओढत तिला खाली घेऊन गेली. वैष्णवीला लहानपणी शालननंच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. गौतमी रानात असायची, पोर हिच्या मांडीवर असायची. आता ती पिरंगुटच्या एका दवाखान्यात नर्सचं काम शिकत होती, पण घरी आली की आधी वर येऊन मोठ्या आईच्या हातचं खायची, मग खाली जायची.

सैपाकघरात निळा जाळ लागला होता. आवाज न करता, धूर न करता, पातेल्याखाली फुलासारखा उघडलेला. गौतमीच्या तोंडावर त्याचा उजेड पडला होता. गेणबा दारात उभे होते. त्यांनी पातेलं उतरवून त्याचं बूड बघितलं, बोट फिरवलं, बोट सगळ्यांना दाखवलं.

"काळं न्हाई," ते म्हणाले. "बघितलं का? जराबी काळं न्हाई."

शालन म्हणाली, चांगलं झालं. आणि वर निघून आली. तिच्याकडं सिलेंडर होता, दोन शेगड्या होत्या, गिझर होता. मुळात तिला त्या जाळाची गरजच नव्हती. तरी जिना चढताना मधल्या मजल्यावर ती कठडा धरून उभी राहिली.

त्यानंतर पाळी कोणाचीही असो, गेणबांचा सकाळचा चहा खालीच व्हायला लागला. गावातली कुणी बाई आली की ते तिला गौतमीची शेगडी दाखवायला घेऊन जायचे. पंचायतीची माणसं येऊन फोटो काढून गेली. फोटोत गौतमी शेगडीपुढं हात जोडून उभी होती, तिच्या डोक्यावर पदर होता, आणि कुणीतरी तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. शालननं तो दिवसातनं कितीतरी वेळा उघडून बघितला. गौतमीचं लुगडं खांद्यावर विरलेलं होतं. ते दिसत होतं, याचं तिला बरं वाटलं.

पावसाळ्यात सिलेंडरची ओढाताण झाली. नंबर लावून ठेवले तरी गाडी यायची नाही. शालनचा सिलेंडर संपला त्याच दिवशी नेमका सगळ्या पोरांचा डबा होता. तिनं गच्चीवरच्या पत्र्याखाली तीन विटा मांडल्या, बांधकामाच्या फळ्या फोडून आणल्या आणि पेटवल्या. फळ्या भिजलेल्या होत्या. झडीचा पाऊस आडवा आत येत होता. फुंकून फुंकून तिचं डोकं गरगरायला लागलं, डोळे लाल झाले. इतक्या वर्षांनी पुन्हा तो धूर.

बिहारकडचा एक पोरगा डबा घ्यायला वर आला. भला पोरगा होता. तिची ती दशा बघून म्हणाला, "आंटी, पीछेवाली आंटी के यहाँ तो गैस है. वहीं बना लो ना."

शालन वाकून पुन्हा फुंकायला लागली. थोड्या वेळानं गौतमीच भिजत वर आली. तिनं धूर बघितला होता. ती म्हणाली, जाऊबाई, पीठ घेऊन खाली या, माझं आटपलंय, शेगडी मोकळी हाय. पोरगा तिथंच डबा धरून उभा होता. त्याच्यासमोर शालनला वाटलं, आपल्याला कुणी कमरेत वाकवून उभं केलंय.

"मला सवय हाय धुराची," ती म्हणाली. "तुज्या आधीपासनं हाय."

गौतमी भिजतच खाली गेली. त्या दिवशी भाकऱ्या कच्च्या राहिल्या. पोरांनी निम्म्या तशाच परत पाठवल्या.

गौरी बसल्या तेव्हा गौतमीनं हळदीकुंकवाला बायका बोलावल्या. आधी बायका शालनकडं यायच्या, तिचा हॉल मोठा होता म्हणून. यंदा सगळ्या गौरी बघायच्या आणि मग सैपाकघरात शिरायच्या. गौतमी कॉक फिरवून दाखवत होती. करंज्या तिनं त्याच शेगडीवर तळल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, एक करपलेली नाही. एकीनं विचारलं की वास येत नाही का. गौतमीनं हसून तिला जवळ बोलावलं आणि नाक लावून बघ म्हणाली. बायका आळीपाळीनं वाकून वास घेत होत्या आणि हसत होत्या. आलेली प्रत्येक बाई गौतमीचा हात धरून बोलत होती. शालन कोपऱ्यात पाटावर बसली होती. थोरली म्हणून तिला आधी कुंकू लावलं होतं आणि मग तिचं काही काम उरलं नव्हतं.

परत येताना शेजारची गंगूबाई तिच्याबरोबर होती. पाऊस थांबला होता, वाटेवर चिखल होता. गंगूबाई कौतुकानं बोलत होती, नुसत्या शेणावर एवढा जाळ म्हणजे नवलच.

शालननं लुगड्याचा काठ उचलून धरला होता. ती चिखलातनं पाऊल काढत म्हणाली, "निस्त्या शेणावर एवढा कुटला व्हतोय. आता काय काय सोडत्यात त्यात. आपण कुटं वाकून बघायला जातो, बाई."

गंगूबाई थांबली. "म्हंजे?"

"मी काय म्हणले न्हाई," शालन म्हणाली. "गवंडी नळीचं विचारत व्हता, एवढं ऐकलं. पुढलं मला म्हाईत न्हाई."

ती तिथनं वर निघून गेली. हात धुतले, देवापुढं दिवा लावला. गवंडी नळीचं विचारत होता, हे खोटं नव्हतं. तिनं स्वतःला तेवढं सांगितलं. आणि खूप दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

बोलणं पाण्यासारखं उताराला लागलं. नवरात्रात गौतमीकडं आरतीला बायका आल्या, पण प्रसाद हातात घेऊन पदराला बांधून गेल्या. चहा नको म्हणाल्या, उपास म्हणाल्या. भजनी मंडळाचा चहा दरवर्षी कैलासकडं असायचा, तो दुसऱ्या घरी गेला. गौतमीला कळेना. ती दुप्पट आग्रह करायची आणि बायका दुप्पट घाईनं उठायच्या. शालन गच्चीवरून बघायची. गौतमीच्या ओसरीवर भरलेले कप तसेच राहिलेले असायचे आणि गौतमी ते एकेक करून म्हशीच्या आंबोणात ओतायची. पहिल्यांदा ते बघताना शालनच्या अंगभर ऊब पसरली. दुसऱ्यांदा थोडी कमी. मग ती कठड्याशी जाईनाशी झाली. पण कुणालाही ती म्हणाली नाही की मी जे ऐकलं त्यात पुढं आणखी एक वाक्य होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि वैष्णवीला बघायला कोळवण खोऱ्यातली माणसं आली. मुलगा कंपनीत होता, घरी भातशेती होती, निर्व्यसनी होता. मुलाबरोबर त्याची आई सरूबाई, वडील आणि एक चुलते होते. कैलासनं ओसरी सारवून घेतली होती, नवी सतरंजी घातली होती. शालन थोरली म्हणून सकाळपासून खाली मदतीला होती. तिनंच वैष्णवीची साडी नेसवली, निऱ्या धरल्या, केसांत गजरा घातला.

वैष्णवी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. ओलं खोबरं, कोथिंबीर, वर लिंबाची फोड. तिनं वाकून एकेक बशी पुढं ठेवली. पाहुण्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. बशीला कुणी हात लावला नाही. कैलास घ्या घ्या म्हणाला. वडील म्हणाले, वाटेतच पौडला खाल्लंय. चुलते म्हणाले, पोट बरं नाही. सरूबाई म्हणाल्या, "माझा गुरुवार हाय." मुलानं चमचा उचलला होता. आईनं त्याच्याकडं बघितलं तेव्हा त्यानं तो खाली ठेवला.

पोह्यांतली वाफ गेली. खोबरं सुकलं. वैष्णवी रिकामा ट्रे छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती आणि एकेका बशीकडं बघत होती. गौतमी दारातनं पुढं आली, काही कमी पडलं का, असं तिनं विचारलं. चुलत्यांनी घड्याळात बघितलं.

किशोरला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो मोठेपणानं म्हणाला की आता थोरल्या घरी पायधूळ झाडा, एवढं आलात तर. आणि सगळी माणसं जणू सुटका झाल्यासारखी उठली. वर शालनच्या हॉलमध्ये पंखे लागले. सिलेंडर आता वेळेवर यायला लागला होता. तिनं चहा ठेवला, चिवडा काढला. चुलत्यांनी दोनदा घेतला. वडिलांनी चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायला. सरूबाईंनी चिवड्याची मूठ तोंडात टाकली, आणि त्याच वेळी वैष्णवी ओटीचं ताट घेऊन दारात आली. तिच्यामागं गौतमी होती. दोघींनी ते बघितलं. वैष्णवीनं ताट टेबलावर ठेवलं आणि ती पाठ फिरवून जिना उतरून गेली.

सरूबाई हात धुवायला सैपाकघरात आल्या. शालन ओट्यापाशी कप विसळत होती. सरूबाईंनी आवाज उतरवला.

"घरातल्या म्हणून तुम्हास्नी विचारते. पोरगी आमच्या मनात भरली हाय. पण ते गॅसचं आयकलं ते खरं हाय का?"

शालनला गवंडी दिसला. विळा खाली ठेवून उभी राहिलेली गौतमी दिसली. नको म्हणणारा तिचा आवाज तिला आत्ता ऐकू आला. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द बोलायचा तर, मग गावात हे आलं कुठनं, हा प्रश्न लगेच मागनं येणार होता. आणि आणखी एक गोष्ट होती, जी स्वतःशीसुद्धा कबूल करायला तिला पुढं वेळ लागला. तिच्या हॉलमध्ये माणसं बसली होती, तिचा चिवडा खात होती, तिच्या घराला चांगलं म्हणत होती.

"मी त्यांच्या सैपाकघरात फारशी जात न्हाई," शालन म्हणाली.

सरूबाईंनी मान हलवली. नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर गेल्या. त्यांच्यामागं शालन बाहेर आली तेव्हा गौतमी अजून दाराशीच उभी होती.

आठवड्याच्या आत निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळवलेली होती. मग कुणीतरी कैलासच्या कानावर खरं कारण घातलं. कैलासनं पहार उचलली, घुमट फोडून टाकतो म्हणाला. शालननं गच्चीवरून बघितलं, गौतमी त्याच्या आडवी उभी होती. फोडला तर लोक म्हणतील खरंच होतं, असं काहीतरी ती म्हणत होती. ती ओरडत नव्हती. मग कैलासनं पहार भिंतीला टेकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमी टाकीपाशी बसून नेहमीसारखा शेणकाला कालवत होती. लपवाछपवी नाही, आडोसा नाही. शालनला वाटलं होतं, आता खाली पुन्हा चूल पेटेल. पेटली नाही. आणि त्याचंही तिला वाईट वाटलं, हे तिचं तिला कळलं तेव्हा ती पहिल्यांदा स्वतःला घाबरली.

वैष्णवी वर येईनाशी झाली होती. एका दुपारी आली. दवाखान्याच्या कपड्यांतच होती. शालनच्या पायाशी खाली बसली. शालन मेथी निवडत होती. वैष्णवीनं दोन-चार काड्या निवडल्या आणि मग हात थांबवला.

"मोठी आई, खरं सांग. माझ्या अंगाला वास येतो का गं?"

शालननं जुडी खाली ठेवली.

"मी दवाखान्यात सारखी हात धुते," वैष्णवी म्हणाली. "तिथल्या पोरी विचारतात, एवढं काय धुतेस. बघ ना."

तिनं हात पुढं केले. बोटांची सालं निघाली होती, सांध्यांवर लाल चिरा पडल्या होत्या. शालननं ते हात धरले आणि नाकाशी नेले. साबणाचा उग्र वास होता, बाकी काही नव्हतं. येत न्हाई, ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला. वैष्णवीला वाटलं, आपल्या दुःखानं मोठी आई रडतेय. तिनंच शालनला धरलं, पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी शालन किशोरला दवाखान्यात जाते म्हणून सांगून निघाली. पौडपर्यंत एसटी, पुढं कोळवणची जीप. सरूबाईंचं घर विचारत गेली. त्या अंगणात भात वारवत होत्या. शालनला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. शालननं तांब्याला हात लावला नाही. उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं. गवंड्यानं काय विचारलं, गौतमीनं काय उत्तर दिलं, आपण गंगूबाईला काय म्हणालो, आणि त्या दिवशी ओट्यापाशी काय म्हणालो नाही.

सरूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी दाण्यांतनं बोटं फिरवली.

"आलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "गॅसचं माझ्या मनातनं गेलं. पण आता दुसरंच आलं. ज्या घरात थोरली जाऊ आपल्याच पोरीच्या ताटात माती कालवती, त्या घरी सोयरीक करायला माझं मन घेत न्हाई. राग मानू नका."

शालननं राग मानला नाही. परतीच्या जीपमध्ये तिला दाराशी जागा मिळाली. मुळशीच्या धरणावरनं येणारा गार वारा तोंडावर लागत होता. ती गेली होती ते जुळवायला, आणि उरलंसुरलंही मोडून आली होती.

भाताच्या झोडणीला दोन्ही घरं एकत्र असायची. खालचं भाताचं रान अजून वाटलेलं नव्हतं. खळ्यावर लाकडी फळी आडवी मांडलेली होती आणि कैलास, किशोर पेंढ्या आणून टाकत होते. शालन आणि गौतमी फळीपाशी शेजारीशेजारी उभ्या राहून झोडत होत्या. पेंढी उचलायची, डोक्यामागनं आणायची, फळीवर आपटायची. दाणे उडून तोंडावर बसत होते, भाताची कूस, ती बारीक कुसळं, घामाला चिकटून मान खाजत होती. शालनची सवय मोडली होती. तिच्या खांद्यातनं कळा निघत होत्या, तरी ती थांबत नव्हती. पुरुष पेंढ्या आणायला लांब गेले तेव्हा ती बोलली. दोन दिवस तिनं वाक्यं जुळवली होती. तोंडातनं एवढंच आलं.

"गौतमी, ते माझ्या तोंडातनं गेलं. गंगूबाईपाशी. मीच."

गौतमीनं हातातली पेंढी आपटली. उलटून पुन्हा आपटली. रिकामा पेंढा बाजूला टाकला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"गॅसचं कानावर आलं तवापासनं. त्या दिवशी सरूबाई तुमच्या सैपाकघरातनं बाहेर आल्या, ते आठवलं. त्यांच्यामागं तुमी आलात. सगळ्यांकडं बघितलं, माझ्याकडं न्हाई."

शालननं पेंढी खाली ठेवली. गौतमी ओरडेल, शिव्या देईल, पायातली काढेल, हे सगळं तिनं धरलं होतं. ते झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"मग एवढे दिस बोलली न्हाईस?"

गौतमीनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या भुवयांवर भाताची कूस बसली होती. ती शालनकडं बघत नव्हती, वाटेकडं बघत होती.

"बोलले असते तर भांडण झालं असतं. गावाला कळलं असतं, तिलाबी कळलं असतं." तिनं फळीवरचे दाणे हातानं लोटले. "तिला सांगू नका, जाऊबाई. कधीच नका सांगू. तिला एकच मोठी आई हाय."

तिनं दुसरी पेंढी उचलली आणि झोडायला लागली.

वैष्णवीपाशी जायचं, तिचे पाय धरायचे, मोकळं व्हायचं, असं शालननं ठरवलं होतं. ते दार गौतमीनं लावून घेतलं होतं. माफ केलं, असंही ती म्हणाली नव्हती. कोळवणला जाऊन आले, हे शालनच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं, कारण सांगितलं असतं तर ते आता फुशारकी मारल्यासारखं वाटलं असतं. आणि तेवढ्यातही, खांदे फुटत असताना, तिचे डोळे गौतमीच्या ताठ पाठीवर गेले. हे असं गप्प राहणंही हिलाच जमलं. आपल्याला जमलं नसतं.

बांधावरून वैष्णवी जेवण घेऊन आली. तिनं दुरडी खाली ठेवली, तांब्यानं सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं. तिची बोटं अजून बरी झालेली नव्हती. पहिली भाकरी तिनं शालनच्या हातावर ठेवली, वर वांग्याचं भरीत वाढलं आणि तिच्याच शेजारी पेंढ्यावर बसली. शालननं घास मोडला. तो तोंडात घालून तिनं मनगटानं डोळा पुसला.

"तिखट झालं का?" वैष्णवीनं विचारलं.

"न्हाई गं," शालन म्हणाली. "कूस गेली डोळ्यात."

वैष्णवीनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं, आपल्या ओढणीचं टोक जिभेवर ओलं केलं आणि तिचा डोळा हळूहळू पुसायला लागली. पलीकडं गौतमी खाली मान घालून जेवत होती. तिनं वर बघितलं नाही.